मोठला उतरलेली मुलगी

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण मला भीती वाटते आहे. तुमची नात चौदा वर्षांची आहे. मराठी तिला सगळी कळते, पण बोलते हिंदीच, आणि गेले चार-पाच महिने तेही मोजकंच. शाळेत तिला "ओ मराठन" म्हणून चिडवतात, आणि पुण्याला मावशीकडे गेलो की तिथली मुलं तिच्या मराठीला फिदीफिदी हसतात. उन्हाळ्यात परत येताना गाडीत तिने विचारलं, "मम्मी, हम हैं कहाँ के?" मी म्हटलं, झाशीचे. ती खिडकीकडे तोंड करून बसली ती घर येईपर्यंत.

इथल्या मराठी मंडळाचं वार्षिक हस्तलिखित अजून निघतं. गणपतीत मखराशेजारी स्टुलावर ठेवतात, तसंच. तुमच्यानंतर ते काम माझ्या गळ्यात पडलं. मुलं हिंदीत लिहून देतात, मी त्याचं मराठी करून चांगल्या अक्षरात उतरवते. यंदा तिनेही गोष्ट दिली. मला कोण आनंद झाला! मग वाचली. गोष्टीतली मुलगी शाळेला म्हणून निघते, कानपूर रोडची बस धरते, मोठ या गावाला उतरते आणि तिथल्या मंडीत एका बाईला भलतंच नाव सांगते. तू कुठली, असं तिला तिथे कोणी विचारत नाही. ती परत येत नाही. शेवटचं वाक्य होतं, "घर पर बहुत देर तक किसी को पता नहीं चला." बसची वेळही लिहिली होती. मी स्टँडवर जाऊन पाहिली. बरोबर होती.

नववीत मीही एक गोष्ट दिली होती. मुलगी वर्गात सांगते की आपले आईवडील मेले, म्हणजे कोणी घरी यायला नको आणि घरची भाषा कोणी ऐकायला नको. तुम्ही कारखान्यातून आला आहात, चहा बाजूला सरकवून माझे कागद वाचता आहात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. तुम्ही वर न बघता विचारता, "मेले लिहू का वारले?" "मेले," मी म्हणते. "बरं," म्हणून तुम्ही टाक उचलता. आरतीनंतर तुम्हीच ती वाचून दाखवलीत, शब्द न् शब्द. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. पुढचा महिनाभर, कामावर उशीर होत असतानाही, तुम्ही मला स्कूटरवरून शाळेत सोडत होतात. "सबके सामने मत आया करो," असं मी एकदा फणकाऱ्याने म्हटलं, तेव्हा तुम्ही अलीकडच्या वळणावर थांबायला लागलात. पण येणं सोडलं नाहीत. मला ती शिक्षा वाटायची. तुम्ही घाबरला होतात, हे मला आत्ता कळतं आहे.

मी काय केलं ते ऐका. मी मुलगी परत आणली. माझ्या प्रतीत ती संध्याकाळच्या बसने घरी येते आणि आई तिला जवळ घेते. गणपतीच्या पहिल्याच दिवशी तिने स्टुलापाशी उभं राहून ते वाचलं, गर्दीतून माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "आपने उसको वापस क्यों बुला लिया?"

"डर लग गया था बेटा, तेरे लिए."

"तो मुझसे पूछ लेतीं."

तेव्हापासून ती आपली लिखाणाची वही कपाटात कुलपात ठेवते. आज तिचा क्लास पाचला सुटला. तिथून, सीपरी बाजारातून, ऑटोला पंधरा मिनिटं लागतात. पावणेसहा होत आले आहेत, फोन लागत नाही, आणि मी फाटकाकडे तोंड करून हे लिहिते आहे.

बाबा, तिला मी अर्धंच खरं सांगितलं. भीती होती, पण शेवट बदलताना मी तिचा विचार करत नव्हते. आरतीला जमणाऱ्या बायका वाचतील आणि माझ्याकडे बघतील, याचा करत होते. तुम्ही तर तसल्याच बायकांसमोर उभं राहून स्वतःचं मरण वाचलंत. हे तिला सांगायला हवं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.

फाटक वाजलं. आली. चप्पल काढते आहे. मी तिला काय विचारणार ते मला माहीत आहे. चहा घेणार का, एवढंच.