मूठभर जोंधळ्याचा शब्द

तेर,
संक्रांतीनंतरचा सोमवार, १९४६

प्रिय प्रेमा,

चारचौघांत मी तुला वन्सं म्हणत आले, पण जात्यापाशी तू प्रेमाच होतीस, म्हणून इथंही तेच लिहिते. हे पत्र टपालात टाकत नाही. दुकानातला ईरण्णा माल आणायला सोलापूरला निघालाय, त्याच्याच हाती देते. सोबत एक पुरचुंडी आहे. ती आधी सोडू नकोस, पत्र वाचून झाल्यावर सोड.

इकडं सगळं ठीक आहे. तेरणेला अजून पाणी आहे. तुझे दादा दुकानात रमलेत. मामंजींची गादी त्यांनी अजून हलवलेली नाही, स्वतः मात्र तिच्या शेजारी बसतात. आमच्या गौराला बोलायचं वेड लागलंय. तुझं नाव तिला येतं, फक्त तू कशी दिसतेस ते ठाऊक नाही. मामंजी गेले तेव्हा तू आलीस, पण ती तान्ही होती. तू तेव्हा आत्याबाईंजवळ बसलीस आणि एक अक्षर न बोलता परत गेलीस. तुझा राग त्यांच्यावर, तोही माझ्यासाठीच होता, मग मी तरी काय म्हणणार?

मला त्या पहाटा आठवतात. सोलापुरातलं शिक्षण अर्धं सोडवून तुला मामंजींनी घरी आणलं होतं. भूमहून आलेली मी, मराठी जेमतेम वाचणारी. जात्याच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. परातीत तू जोंधळ्याचे दाणे ओळीनं मांडायचीस, इंग्रजी शब्दाची जितकी अक्षरं तितके दाणे. मग दोन दाणे उचलून त्यांच्या जागी पिठात बोटानं दोन अक्षरं काढायचीस. बाकीची मी भरायची, जात्यात घातलेली मूठ दळून व्हायच्या आत. पहिला शब्द तू पाच दाण्यांचा दिला होतास, आर आणि व्ही असलेला. मी हरले. मग तू मागच्या दारातून नदीकडं बोट दाखवलंस. रिव्हर. तेव्हापासून तेरणा मला दोन नावांची वाटते. एकदा कोंबडीनं परातीत चोच घातली नि चार दाण्यांच्या शब्दाचे तीनच उरले. तू म्हणालीस, वहिनी, आता कोंबडीला इचार उत्तर.

सहा दाण्यांचा एक शब्द होता, दोन ओ असलेला. पॉयझन. अर्थ विचारला तर तू म्हणालीस, विष. असला शब्द मला कशाला, असं मी म्हटल्यावर तू हसून म्हणाली होतीस, सासुरवाशिणीला ठाऊक असलेला बरा.

आणि मग ते दळण वाढायला लागलं. घरात माणसं तेवढीच, पण आत्याबाई रोज जास्त जोंधळा काढून ठेवायच्या. पुढं शेजारच्या विठाबाईचंही दळण त्यांनी मागून आणलं. तिचा हात अधू, तिच्याकडून घ्यायचं काहीच नाही. माझ्या तळहाताला फोड आले तेव्हा तू त्यांच्यापुढं, तुझ्या अव्वापुढं उभी राहिलीस. म्हणालीस, "सून आणलीस का बैल?" त्याच आठवड्यात तू रागानं, मामंजींनाही न जुमानता, तुझ्या मामाबरोबर सोलापूरला गेलीस. शिकलीस, मास्तरीण झालीस. माझ्या बाजूनं या घरात कुणी बोललं ते त्या दिवशी पहिल्यांदा. ते मी विसरलेले नाही.

आता मागच्या बुधवारचं सांगते. तुझ्या दादांनी उस्मानाबादहून दोन बाटल्या आणल्या होत्या, एक आत्याबाईंच्या गुडघ्यांना चोळायची, दुसरी गौराच्या खोकल्याची. दोन्ही तपकिरी, दोन्ही एकाच फळीवर. मी भाकरी थापत होते. गौराला ढास लागली म्हणून आत्याबाईंनी तिला मांडीवर घेतलं, चमच्यात औषध ओतलं. माझी नजर बाटलीकडं गेली. चिठ्ठीवर तांबडी अक्षरं होती. मी वाचलं म्हणणं खरं नाही. मला सहा दाणे दिसले, आणि त्यांत दोन ओ. पिठाच्या हातानंच मी चमचा उडवला.

गौरा रडली, मग हसली. आत्याबाई मात्र कितीतरी वेळ तिला सोडेनात. दुपारी त्यांनी विचारलं, तुला कसं कळलं? मी म्हटलं, प्रेमानं शिकवलं होतं, दळताना. तर त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय. सासुरवाशिणीला ठाऊक असलेला बरा म्हणाली हुती न्हाय का? भिंतीआड मी तोंडाला पदर लावून हसले."

म्हणजे त्या भिंतीआडून रोज ऐकत होत्या. मग त्या हळूहळू बोलल्या. बायकांनी शिकावं हे मामंजींना खपत नव्हतं, तुझी शाळा त्यांनी त्यासाठीच सोडवली. पण जात्याची घरघर ऐकू आली की त्यांना वाटायचं, काम चाललंय. "दाणं सरलं की तुमचं बोलणं सरायचं," आत्याबाई म्हणाल्या, "म्हणून म्या दाणं वाढवलं. घरचं पुरंना, म्हणून विठाबाईचं आणलं. तुझं हात मला दिसत हुतं गं. पर दुसरं काय करणार?"

प्रेमा, माझं इंग्रजी तू दिलंस, त्याचे उपकार मानायला मला शब्द पुरणार नाहीत. पण त्या खेळाला वेळ कुणी दिला, हे तुलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. प्रेमाला कळवू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नगं. लेकीपुढं चांगलं व्हायला म्या दळण घातलं न्हवतं." तुझीच आई, तुझाच हट्ट. पण काल त्या कणगीतून मूठभर जोंधळा घेऊन आल्या, माझ्या परातीत ओतला आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबीचा शब्द असतोय का, इचार तिला." मोजले नव्हते त्यांनी. त्यांना मोजायचेच नव्हते. तीच मूठ पुरचुंडीत बांधून पाठवते आहे. करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी कुणी विचारलंच तर सांग, असं ईरण्णाला बजावलंय, की हे बी नव्हे, आमच्या घरचं इंग्रजी आहे. उत्तर पत्रातून पाठवशील तर चालायचं नाही. उत्तर जात्यापाशी बसून सांगायचं, हा नियम तुझाच. विठाबाईचं दळण अजून आमच्याकडंच आहे, आणि तू येईपर्यंत मी ते सावकाश ओढते आहे.

तुझीच,
चन्नम्मा वहिनी