जर्मन डॉक्टरांची नात

३ डिसें.
लंडनहून ई-मेल. मिरियम नावाची बाई, ज्यांच्याकडून आजोबांनी हे घर घेतलं त्या जर्मन डॉक्टरांची नात. 'घर बघायला' येतेय. आजोबा डॉ.चे कंपाउंडर. इतकी वर्षं चौकशी नाही, आता बावड्यात जागेला सोन्याचा भाव आल्यावर बरी आठवण झाली. वकिलांना फोन केला.

९ डिसें.
आली. साठीची, बारीक, हसरी. हसऱ्या माणसांचीच मला जास्त भीती. खोल्याखोल्यांचे फोटो. सौ. तिला पोहे वाढतेय, मी मागेमागे.
डॉ.च्या वडिलांचं तिकडे कापडाचं दुकान, वर घर. ज्यू म्हणून सगळं गेलं. शेजारीच घरात राहायला आले, पडद्यांसकट. आईवडील, बहिणी छावणीत गेल्या त्या गेल्याच. डॉ. तेवढे बायको-मुलीला घेऊन इथे पोचले. ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला. पण मग वाटलं, हिच्या लेखी आम्हीही ते शेजारीच तर नाही?

१० डिसें.
परसात फिरत होती. जमीन निरखत. म्हटलं, आता खरं बाहेर येणार.
विचारलं काय, तर डॉ.ना कुठे पुरलंय? त्यांच्यात पुरतात. चौकशी करतो म्हणालो. कबर निघाली की जागेवर हक्क सांगायचा, असा डाव असेल.

११ डिसें.
आत्याकडे गेलो. नव्वदीची, पण आठवण शाबूत.
"कबर कसली रं? आण्णानी पंचगंगंवर न्हेऊन अग्नी दिला की. पोटच्या पोरागत."
त्यांच्यात जाळत नाहीत, हे आजोबांना माहीत नव्हतं?
"कोण सांगणार? डाक्टरांच्या बाईसाहेब लेकीकडं विलायतेला गेलत्या. आण्णा म्हणालं, देवमाणूस हाय, बेवारशागत मातीत कसं ढकलू?"
वकील खूश. कबर नाही, म्हणजे भानगडच मिटली म्हणाले. त्यांचा राग आला. स्वतःचाही.

१२ डिसें.
सौ. म्हणते, सांगून टाका. सांगायचंच ठरवून मिरियमला चहाला बोलावलं. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच बोलली. घराचं तिला काही नको. तिची आई शेवटपर्यंत एकच म्हणायची, आपल्या सगळ्यांत निदान बाबांना तरी माती मिळाली.
मी बिस्किटं पुढे केली.
माझ्याकडे बघत राहिली. काही लपवताय का, विचारलं. नाही म्हणालो. पटलेलं दिसलं नाही.
उद्या सकाळी कबरीची जागा दाखवायला नेतो, असं बोलून बसलोय.