शिंपल्याच्या रेघा

सोमवार, ११ मार्च १९३५

सकाळच्या गाडीने केमहून सोलापुरात आलो. खिडकीजवळ जागा मिळाली. कुर्डुवाडीपर्यंत एका मेंढरांच्या व्यापाऱ्याशी गप्पा झाल्या, पुढे एका मास्तरांशी. वच्छला म्हणते, तुमाला बोलाय मानूस न्हाय मिळालं तर तुमी खांबाशी बोलत बसाल. खरंच आहे ते. लग्नाला दोन वर्षं होतील. तिला आईकडे ठेवून आलोय, जम बसला की बोलावून घेईन.

संगप्पा मिस्त्रींचं घर मंगळवार पेठेच्या मागच्या अंगाला आहे. पुढे कारखाना, मध्ये फरशीचं अंगण, पलीकडे माझी खोली. मिस्त्री पंचावन्नच्या आसपासचे, कपाळभर विभूती. वीस वर्षं गिरणीच्या मागखात्यात सुतारकी केली, मागाचे लाकडी धोटे दुरुस्त केले, आणि त्या खडखडाटात दोन्ही कान गेले. आता स्वतःची वाद्यं बनवतात. बोलतात मोठ्याने, मध्येच कन्नड शब्द टाकत, आपण काय म्हणालो ते ओठांवरून ओळखतात.

मिरजेला ज्या तंबोरेवाल्यांकडे मी चार वर्षं जडावकाम शिकलो, त्यांची चिठ्ठी दिली. त्यात लिहिलं होतं, 'कुंडलिक सुतार याचा हात स्वच्छ आहे, तोंड मात्र थांबत नाही.' मिस्त्रींनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हसले. म्हणाले, "असाच माणूस पायजे होता नोडु."

त्यांची बायको शांतम्मा. गरम भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. काही बोलली नाही. मराठी येत नसावं.

गुरुवार, १४ मार्च

असलं वाद्य मी कधी पाहिलं नव्हतं. याला हवाई गिटार म्हणतात. तीन वर्षांपूर्वी नाटक कंपनीबरोबर एक गोव्याचा वादक आला होता, त्याच्याकडे पाहून मिस्त्रींनी माप घेतलं. हे मांडीवर आडवं ठेवायचं. बोटांनी तार दाबायची नाही, डाव्या हातात पोलादी कांडी धरून तारांवरून सरकवायची. सूर तुटत नाही, माणसाच्या गळ्यातून निघाल्यासारखा ओघळत जातो. पडदे नसतातच. कांडी कुठे थांबवायची ते डोळ्यांना कळावं म्हणून मानेवर नुसत्या शिंपल्याच्या रेघा बसवायच्या.

अंग तुनीच्या लाकडाचं, मान शिसवीची. मी काठाने जाईची वेल काढणार, घुमटीच्या भोकाभोवती दोन राघू, चोचीला लाल लाख. मानेवरच्या रेघा सगळ्यात शेवटी. शिंपला उत्तम आहे, उन्हात धरला की आतून गुलाबी दिसतो. बऱ्याच दिवसांनी मनासारखं काम मिळालं.

आणखी एक गिटार भिंतीवर टांगलेली आहे, तोंड भिंतीकडे. ती कुणाची विचारलं. मिस्त्रींनी बहुतेक ओठ पाहिले नाहीत.

शुक्रवार, २२ मार्च

वेल झाली. आज रेघांची जागा ठरवायला घेतली आणि मिस्त्रींची रीत बघून चकित झालो.

त्यांनी गिटार पाटावर ठेवली, कपाळ मानेच्या लाकडाला टेकवलं आणि मला सांगितलं, भोकात तोंड घालून बोल. काय बोलू विचारलं, तर म्हणाले, काहीही. मी केमच्या बैलबाजाराचं सांगू लागलो. ते डोळे मिटून ऐकत होते, मध्येच खडूने मानेवर खूण करत होते. खुणा कशाही पडत गेल्या. दोन अगदी चिकटून, मग वीतभर काही नाही. यातला एक सूर लागणार नाही, मिरजेत हसतील, असं मी म्हणालो. मिस्त्री डोळे न उघडता म्हणाले, "सूर नको मला. बोलणं पायजे."

मग त्यांनी सांगितलं. आठ वर्षं झाली, माणसाचा आवाज कानात शिरला नाही. पण लाकडाला कपाळ लावलं की हाडांतून ऐकू येतं. सांगताना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. मी दुपारभर बोललो. वच्छला जात्यावर कशी गाते, चिडली की कशी मान वळवते, सगळं सांगितलं.

रविवार, ३१ मार्च

सतरा रेघा बसल्या. रोज दुपारी जेवणानंतर बोलायचं, खुणा करायच्या, सकाळी पटाशीने खाच काढून शिंपला सरसाने चिकटवायचा, असं चाललंय. घसा जरा खरखरतोय. शिंपला कानसला की बारीक भुकटी उडते, तिचाच हा प्रताप.

काल मी भोकाशी वाकून बोलत असताना शांतम्मा पाठीमागून आली आणि तिने माझ्या तोंडावर तळहात ठेवला. भुकटी घशात जाऊ नये म्हणून असेल असं समजलो, हसलो. तिने ओला पंचा आणून माझ्या तोंडावर बांधला. मिस्त्रींनी तो सोडला आणि कन्नडमध्ये तिला काही म्हणाले. ती गेली.

वच्छलाला कार्ड टाकलं, २२ एप्रिलला ये म्हणून. गावचे मास्तर वाचून दाखवतील.

शनिवार, ६ एप्रिल

जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

दुपारी ऊन फार होतं. मिस्त्रींनी भिंतीवरची गिटार खाली घेतली, कपाळ टेकवलं, आणि कांडी रेघांवरून सरकवली. त्यातून बाई बोलली. तार वाजून बोलल्यासारखी वाटली असं मी आधी लिहिणार होतो, पण तसं नव्हतं. "ऊटक्के बर्री." एवढं कन्नड मला कळतं. जेवायला या. पुन्हा तेच, थोडं लाडात. मिस्त्री हसत होते.

शांतम्मा दारात ताट घेऊन उभी होती. तिचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. आवाज गिटारीतून येत होता.

शेजारच्या म्हाळसाबाईंना आडावर गाठून विचारलं. म्हणाल्या, शांतम्मा नवऱ्याला जेवायला बोलवायची ते आख्ख्या गल्लीला ऐकू यायचं. "दोन वर्सं झाली, गळा बसला तिचा. डाक्टर झाले, देव झाले. लई ग्वाड आवाज हुता बाई." कशाने ते विचारणार होतो. बोलायला गेलो तेव्हा घोगरं काहीतरी निघालं.

मंगळवार, ९ एप्रिल

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला. शिंपल्याच्या भुकटीने सूज आहे, पंधरा दिवस बोलू नका, असं सांगितलं. जीव भांड्यात पडला. शनिवारचं लिहिलेलं वाचून लाजही वाटली. उन्हाने माणसाला काय काय ऐकू येतं.

मिस्त्रींना खुणेने सांगितलं, आता बोलणार नाही. ते लगेच कबूल झाले. म्हणाले, "आता गरज नाही. रेघा झाल्या."

मंगळवार, १६ एप्रिल

आज तारा चढवल्या.

मिस्त्रींनी कांडी पहिल्या रेघेवर ठेवली, पुढे सरकवली, आणि मी बोललो. मी अंगणात होतो, तोंड बंद होतं. आतून माझा आवाज आला. "केमच्या बाजारात एकदा काय झालं." माझी सवय, वाक्याच्या शेवटी जरा थांबायची, तीसुद्धा. मी आत धावलो. ओरडायला तोंड उघडलं. काहीच नाही. वाराही नाही.

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, प्रेमाने. म्हणाले, "किती चांगलं बोलतोस रे."

गुरुवार, १८ एप्रिल

लाकूड तासायचा वाकस घेऊन गेलो होतो. राघूंवर एक घाव घातला की संपलं असतं.

शांतम्माने माझा हात धरला. तिने आधी गिटारीकडे बोट केलं, मग माझ्या गळ्याकडे, आणि मूठ उघडून फुंकर मारली. गिटार फोडली तर आवाज कायमचा जाईल. तिनेही दोन वर्षं याच आशेवर आपली गिटार भिंतीवर टांगून ठेवलीय. मी वाकस खाली ठेवला.

वच्छलाला दुसरं कार्ड टाकलं. येऊ नकोस.

सोमवार, २२ एप्रिल

आली. मास्तर लग्नाला गेलेत, कार्ड कुणी वाचलंच नाही.

मी बोलत नाही म्हणून आधी हसली. मग घाबरली. मग माझं डोकं मांडीवर घेऊन किती वेळ बोलत राहिली. घसा हाय, बरा हुईल, मी हाय की. मला बोलता येत नाही, शांतम्माला येत नाही, वच्छलाला वाचता येत नाही.

सगळं कागदावर लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाचून दाखवायला लावलं. तो अर्ध्यातच माझ्याकडे बघायला लागला. वच्छलाने कागद घडी करून कमरेला खोवला आणि माझं कपाळ चाचपलं, ताप आहे का म्हणून.

२४ एप्रिल

गाठोडं बांधलं. तिचा हात धरून निघालो. तीही तयार होती. घरी जाऊ, हवा बदलंल, म्हणत होती.

कारखान्यावरून जाताना आतून हाक आली.

"वच्छे."

तिने माझा हात सोडला.

२५ एप्रिल

मिस्त्रींनी तिला कांडी धरायला शिकवलं. ती रेघांवरून फिरवते आणि मी तिच्याशी बोलतो. बाजाराचं, बैलांचं, तिच्या जात्यावरच्या गाण्याचं. ती हसते, उत्तरं देते. तांदूळ निवडायला सूप घेऊन तिथेच बसते. मी ओढून बाहेर काढलं तर रडली. म्हणाली, "हितं तर तुमी बोलताव माज्याशी. तितं का गप ऱ्हाताव?"

तिला वाटतं, मीच कुठूनतरी बोलतोय. तिला असं वाटतं की मी तिच्यावर रुसलोय.

मिस्त्री नवं लाकूड रंधत आहेत. तुनीचंच.

२९ एप्रिल

नव्या गिटारीच्या रेघा बसवायला मिस्त्रींनी मला बोलावलं. मी पटाशी फेकून दिली. आता स्वतःच बसवतात. जडावाचा हात नाही, शिंपला नाही, साधं हाड, रेघा वाकड्या. काही फरक पडत नाही बहुतेक. वच्छला बोलत असते आणि ते कपाळ टेकवून खडू ओढत असतात.

काल ती खोकत होती.

आणखी एक. माझी गिटार आता मी कधीही न बोललेलं बोलते. काल तिला म्हणाली, जात्यावरचं म्हण की, वच्छे. मी तिला गायला कधीच सांगितलं नव्हतं. मी नुसता ऐकायचो—

१ मे

तिचा आवाज फाटतोय. भाकरी वाढू का, असं विचारायला गेली, तर वाढू एवढंच निघालं.

ठरवलं. माझा आवाज गेला तरी चालेल. वाकस घेतला, गेलो, ती तिथे नव्हती, मिस्त्री नव्हते. उचलला. कांडी तारांवर नव्हती, कुणी हात लावला नव्हता, तरी गिटारीने हाक मारली. माझ्या आवाजात. "वच्छे, धाव. हा मला मारतोय."

आणि वच्छला धावत आली. मध्ये उभी राहिली. माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या परक्या—

मला बाहेर ढकलून तिने कारखान्याचं दार आतून लावून घेतलंय.

२ मे

दार बंद. बाहेरून ऐकतोय. ती आणि मी बोलतोय. मी तिला म्हणतोय, बाहेर जाऊ नकोस. मी तिला म्हणतोय, गा.

गाते. दुपारपासून—

म्हाळसाबाईंना खुणा केल्या. त्यांनी कान दिला, हसल्या. म्हणाल्या, नवराबायकोच्या गप्पा चालल्यात की आत.

३ मे

सकाळी गाणं थांबलं.

मिस्त्रींनी दार ठोठावलं, तिने कडी काढली, आणि ते नव्या गिटारीच्या तारा घेऊन आत गेले. दार मी फोडणार होतो, पण त्यांनी ते उघडंच ठेवलं. वच्छला आपण होऊन बाहेर आली. माझ्याकडे आली. परक्यासारखं बघितलं नाही. मला सगळं कळलं, असं तिचे डोळे सांगत होते. पायरीवर माझ्याशेजारी बसली, मी हे लिहितोय ते बघतेय. शांतम्मा पाणी घेऊन आलीय. चल म्हणून मी खूण केली. ती हो म्हणाली, मान हलवून. गाठोडं इथेच आहे. उठतोच—

आतून हाक आली आत्ता. अवो, आत या की.

वच्छलाचा आवाज. लई लाडातला.

वच्छला माझ्या दंडाला धरून बसलीय, तोंड उघडं, मान हलवतेय, नाही नाही म्हणतेय, आणि माझे पाय—