पंख्याची धार

प्रिय रामदादा,

आणि पाण्याचं तर तू मला सांगूच नको. तुला काय, तू तिकडं पाण्यात पाय सोडून बसलायस, असं म्हणलास आणि फोन बंद केलास. मला पुढं बोलूच दिलं नायस. नंतर चारदा लावला तर उचलला नायस. म्हणून लिहितोय. हितं माझ्यासंगं कामाला असलेला सांडू त्याच्या बहिणीकडं पैठणला चाललाय, नाथसागराच्या आटलेल्या पात्रात तुमचं बिऱ्हाड जिथं असेल तिथं तो शोधत येईल. वाचून वहिनी दाखवतील. ज्ञानेश्वरीवहिनी, दादा मधीच शिव्या द्यायला लागला तरी थांबू नका, शेवटापर्यंत वाचा. मी पाया पडतो असं समजा.

हितलं पाणी कसं ते एकदा येऊन बघ. मांडवी नदी म्हणतात, पण भरती आली की समुद्र आत शिरतो आणि सगळी नदी खारट. गुळणी केली तर तोंड भाजल्यासारखं होतं. मेंढीच्या तोंडाला लावलं तर ती माझ्याकडं बघून मान फिरवील. प्यायच्या पाण्याला आम्हीबी कळशी घेऊन नळापाशी उभे राहतो. तेव्हा तू मला पाण्याचा टोमणा मारू नको. दुसरा मार, तो बरोबर आहे. तू पोरगा असताना मेंढ्यांमागं चाललास म्हणून मी सातवीपर्यंत शाळेत बसलो, आणि बसून काय केलं तर पळून आलो. वाळूजला सायलेन्सर घासायच्या कामावर लागलो, तिथंबी टिकलो नाय. पायाला भिंगरी आहे माझ्या, आई म्हणायची तसं.

आपलं भांडण काय आजचं नाय. मी म्हणायचो मेंढ्या विक, तू म्हणायचास मग पोटाला काय तुझी सातवी खाऊ का. मला तरी सांग, चारायचं कुठं होतं? ज्या माळावर आपण मेंढ्यांभोवती जाळ्याची वाघूर लावायचो तिथं प्लॉट पडले, कंपाउंड झालं, आणि बापू आता त्याच माळावर लोकांच्या गेटावर शिट्टी घेऊन बसतेत. आपल्या बापाच्या, मल्हाररावांच्या हातात शिट्टी! मला ते बघवलं नाय, मी तोंड फिरवून बसमध्ये बसलो होतो. तरी तू विकल्या नायस. आणि मग एकदा फोनवर तुझ्या मागं उपाशी कोकरू ओरडत होतं, तुझं बोलणं त्यात बुडून गेलं. तेव्हा मीच म्हणलो, दादा, पाडव्याच्या आत चाऱ्याचे आणि टँकरचे पैसे मी पाठवतो, पाऊस पडंपर्यंत कळप धर. त्या माझ्या शब्दावर तू कडुबा व्यापाऱ्याला दारातून परत लावलंस. मला सगळं ध्यानात आहे. मी विसरलो असं समजू नको.

आता मी हितं काय करतो ते तुला कधी नीट सांगितलं नाय. होडीच्या इंजिनाला खाली पाण्यात पंखा असतो, तीन पात्यांचा, स्टीलचा. खडकाला, वाळूला घासून त्याच्या कडा मोडतात, वर पांढरी बुरशी धरल्यासारखं मीठ बसतं. तसला पंखा इंजिनाला जड जातो, पाण्याला नुसता फेस आणतो, होडी पुढं सरकत नाय. तो आम्ही काढून आणतो. पुंडलिक मिस्त्री पाती ठोकून सरळ करतो, मी कडा घासून पातळ करतो, मग एकावर एक बारीक कागद, मग चाकावर हिरवी वडी लावून पॉलिश, तोंड दिसंपर्यंत. शेवटी पंखा सळईवर घालून सोडायचा. जे पातं खाली येऊन थांबतं ते जड, त्याला आणखी घासायचं. कुठलंच पातं खाली यायला तयार नसलं की काम झालं. मला ह्यात मजा यायला लागली होती, दादा. वाळूजला रोज शेकड्यानं नळ्या घासल्या, एकसुद्धा ध्यानात नाय. हितं एक पंखा घासला की दुसऱ्या दिवशी तीच होडी कशी पळते ते काठावर उभं राहून बघता येतं.

मिस्त्री शिगम्याला, म्हणजे हितल्या होळीला, गावी गेला तेव्हा एक होडी आली. प्रवाशांना फिरवायची होडी, मालक दुसराच, चालवणारा कायतान नावाचा तांडेल. चाळिशीचा माणूस, सारखा हसणारा. मला नावानं कधी हाक मारली नाय, धनगरा म्हणायचा. म्हणला, धनगरा, शेजारच्या होड्या माझ्या पुढं जातात, मला लाज वाटते, अशी धार काढ की पाण्याला कळलंपण नाय पायजे. मग मी काढली. बापूंनी मेंढीच्या कातरीला शिकवली तशी, एका अंगानं सपाट आणि दुसऱ्या अंगानं उतरती. कड नखावर टेकवली तर घसरली नाय पायजे, तशी. तिन्ही पाती सारखी. हाताच्या मागचे केस गेले, इतकी. दादा, आपल्या वाड्यावर कुणाला जमली नसती अशी धार होती ती. होडी पाण्यावरनं नुसती उडाली. कायतान उभा राहून ओरडत होता, आणि संध्याकाळी मला त्यानं घरी नेऊन जेवू घातलं.

पंख्याला तसली धार काढत नसतात. पातळ करायची, पण शेवटी कड गोल मोडायची, तळहात फिरवला तर नुसता गार लागला पायजे. मिस्त्री आल्यावर मला हे कळलं. त्याला आधी सांगायची गरज वाटली नव्हती, कारण पंख्याला कातरीची धार काढणारा माणूस त्यानं आजवर बघितलाच नव्हता.

त्याच्या आधीच झालं ते. नदीच्या मध्यावर पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला. कायताननं इंजिन बंद करून वर उचललं, मागं वाकून जाळं सोडवत होता. शेजारून फेरीबोट गेली, लाट आली, होडी हलली. तोल गेला की पंख्याचं पातं धरायचं, ही त्याची वीस वर्षांची सवय. त्यानं धरलं. अंगाचा सगळा भार घालून धरलं.

उजव्या हाताची चार बोटं. तुटली नायत, पण आतल्या शिरा गेल्या. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, त्याचे पैसे लागले नायत. पण डॉक्टर म्हणले, पावसाळा सरंपर्यंत ह्या हातानं काही धरायचं नाय, आणि पुढंबी मूठ वळेल का ते आत्ता सांगत नाय. होडीच्या मालकानं दुसऱ्या दिवशी दुसरा तांडेल ठेवला. आमचा शेठ म्हणतो, तुला कुणी सांगितलं होतं. मी दवाखान्यात गेलो तर मला वाटलं कायतान अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. तो हसला. म्हणला, धनगरा, धार चांगली रे तुझी, कापलं ते कळलंच नाय. त्याची बायको शेजारी उभी होती, ती हसली नाय. तिनं मला काही मागितलंसुद्धा नाय. तिची म्हातारी सासू, दोन पोरी, सगळं त्या एका हातावर चाललेलं. तो पंखा मिस्त्रीनं परत माझ्याच पुढं टाकला. मी मशीन लावलं नाय. कागद घेऊन हातानंच कडा मोडत बसलो. आता ग्राइंडर चालू करायला हात जात नाय, आणि तेच काम केल्याशिवाय पोट चालत नाय.

वहिनी, आता हळू वाचा. दादा, तुझ्यासाठी ठेवलेले चाऱ्याचे पैसे मी त्या बाईच्या हातात दिले. ती घेत नव्हती, मी उंबऱ्यावर ठेवून आलो. तुला विचारलं नाय, कारण तू नको म्हणला असतास तर मी दिले नसते, आणि दिले नसते तर मला इकडं जगता आलं नसतं. आता पाठवायला काही नाय आणि पाऊस यायला लई दिवस आहेत. कडुबाला निरोप धाड. तो आता भाव पाडील, पाडू दे. पाचोडच्या बाजाराची वाट बघू नको, अजून अंगावर मांस आहे तोवर सगळा कळप दे. माझ्या भरवशावर एक दिवससुद्धा थांबू नको. गाभण असलेली एखादी मागं ठेवायची तर ठेव, तिच्यापुरतं आणि पोरांपुरतं पाणी तू आणशील. बापूंना माझं नाव सांग, म्हणावं अंगदनं विकायला लावल्या, तुझ्यावर येऊ देऊ नको. सांडूजवळ अकराशे रुपये दिलेत, माझ्याकडं तेवढेच उरले होते.

तुझाच,
अंगद