म्हशीचा फोटो

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

उद्या विमानाच्या ब्रॅकेटचा लॉट निघणार, म्हणून तपासणीचं नवं सॉफ्टवेअर उघडलं. सगळं हिरवं, म्हणजे पास. तपासणारे दिघे तात्या, वेळ दुपारची. पण दुपारी तर तात्यांनी मला घोडेगावच्या बाजारातून म्हशीचा फोटो पाठवला होता. रजेवर आहेत ते.

ब्रॅकेट बनवणाऱ्या संतोषला विचारलं. तो जराही बिचकला नाही.

"बाजाराला जाताना तात्या पासचा शिक्का माझ्याकडं ठिवायचे. शिक्के तुमीच जमा केले ना, मॅडम? मग पासवर्ड ठिवून गेले."

"आणि मापं कुणी घेतली?"

"मापं तात्याच घेत्यात की."

म्हणजे आज मापं कुणीच घेतली नाहीत.

ज्याने बनवलं त्यानेच पास करायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. शिक्के काढून सॉफ्टवेअर आणलं ते त्यासाठीच. मग बदललं काय? लॉट थांबवला. वर काय सांगायचं ते उद्या बघू.

तो फोटो पुन्हा उघडला. म्हैस चांगली दिसतेय. खाली तात्यांचा नवा मेसेज आलाय.

"घेतली, मॅडम. दात बघितले, धार काढून बघितली. दुसऱ्याच्या भरवशावर जनावर घेत न्हाई मी."