शाकाहारी नळी

३ फेब्रुवारी, सोमवार

सत्यानाश! कुकरची शिट्टी झाली आणि घरमालकीण शरणम्मा जिना चढून थेट शेगडीसमोर. "काय शिजतंय गं, सोनम?"

हाडं, म्हटलं. खोटं बोलणार होते, पण खरंच निघालं तोंडातून. लिंगायताचं घर आणि वर सोमवार! "खातीस की काय?" — नाही हो काकू, स्वच्छ करतेय, कुत्र्यांनी चघळलेली आहेत. हे ऐकून त्या खालीच बसल्या.

मग टेबलावरची पायाच्या हाडाची नळी दाखवून सगळं सांगावं लागलं. ही काळविटाची, सीना नदीकाठच्या उत्खननातली, आठेक हजार वर्षांपूर्वीची. शिकारीवर जगणाऱ्या माणसांच्या चुलीपाशी मिळाली. तिथली बाकीची हाडं दगडाने फोडून आतला मगज खाल्लेला. ही एकच अख्खी, आणि दोन्ही टोकांना दातांच्या खुणा. माझं म्हणणं, कुणीतरी आपल्या कुत्र्याला दिली. पुण्याचे माझे मार्गदर्शक सर म्हणतात, लांडग्याने पळवली असेल. (आमच्या घरी मेंढरांमागे कुत्री. लांडगा म्हटलं की मला शिवीच ऐकू येते!) आता आजच्या कुत्र्यांच्या दातखुणा मोजून या नळीशी ताडायच्या. कुत्रा ठरला तर प्रबंध उभा राहील. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

शरणम्मांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आठ हजार वर्साचं म्हंजे मांसाहारी धरायचं का न्हाय?"

कुठल्याच पुस्तकात नाही हे.

४ फेब्रुवारी

निकाल लागला! शरणम्मांचे दीर कल्लप्पा, अक्कलकोटला असतात, त्यांना फोन झाला. अर्धा तास कानडीतून खल. शेवटी कल्लप्पांचा निवाडा — "दगड झालंय ते. दगडाला कसलं आलंय मटन?" म्हणजे जुनी नळी शाकाहारी, घरात चालेल. ताजी हाडं गच्चीवर, वेगळ्या चुलीवर. आणि कुकर बाहेर टाकायचा.

टाकला.

६ फेब्रुवारी

खाटकाकडून नळ्या आणायच्या, गल्लीतल्या कुत्र्यांना घालायच्या आणि चघळून झाल्या की परत घ्यायच्या. परत घेणं हेच अवघड! आज एकाने माझ्या ओढणीचा तुकडा नेला. गल्लीत बोभाटा असा, की वरची पोरगी कुत्र्याच्या तोंडचं काढून घरी नेती. इतकी चिक्कू बाई सोलापुरात झाली नाही म्हणे.

८ फेब्रुवारी

तांबडी कुत्री गाभण आहे. तिच्या दातखुणा सगळ्यांत स्वच्छ उमटतात. गुणी बाई!

११ फेब्रुवारी

काय लिहू.

जुन्या नळीचे फोटो काढायचे होते. गच्चीत उन्हात कापडावर ठेवली आणि कॅमेऱ्याची बॅटरी आणायला बाजारात गेले. येते तर कापड रिकामं! शरणम्मा पायरीवर निवांत. "तांबडीला दिलं की. सकाळपासनं केकाटत हुती, भाकरी हुंगून बी बघंना. तू रोज घालतीस, आज तू न्हवतीस. ते तुजं ताजं मटन मला शिवायचं न्हाई. हे शाकाहारीच हाय की!"

आठ हजार वर्षं टिकलेली नळी! मी गल्लीत पालथी पडून रिक्षाखालून ती ओढून काढली. तांबडी गुरगुरलीसुद्धा नाही. दोन्ही टोकं ओली. जुन्या खुणांवर नव्या खुणा.

रडले. शरणम्मा म्हणाल्या, "दुसरं आण की उद्या."

१२ फेब्रुवारी

दिवसभर भिंगातून मोजतेय. खुणा जुळतात! तंतोतंत कुत्रा!

पण मी कुठल्या मोजल्या?

१३ फेब्रुवारी

सरांचा फोन. झालेलं सगळं सांगून टाकलं. मग, "म्हणजे हे हाड कुत्र्याने चावलंय, याबद्दल आता कुणालाच शंका नाही." हसत होते. मग हसू आवरून म्हणाले, हे प्रकरण प्रबंधातून काढून टाक.

शरणम्मांशी बोलत नाही. त्यांना पत्ताच नाही, की मी बोलत नाहीये.

१५ फेब्रुवारी

आज न राहवून विचारलंच. काकू, जन्मात कधी कुत्र्याला दारात उभं केलं नाहीत, मग त्या दिवशी का उठलात? म्हणाल्या, "ती माज्याकडंच बघत हुती की."

याला मोजमाप नाही. प्रबंधात कसं घालू?

१६ फेब्रुवारी

तांबडी व्याली. माझ्या खोलीत, माझ्या गादीवर. शरणम्मांनीच दार उघडून दिलं. मला सामान आवरायला सांगितलंय, बाळंतिणीला जागा लागते म्हणून. भांडायला खाली गेले, तर पिशवी घेऊन पायात चपला घालत होत्या.

"जाशील तवा जा. आदी मटनाचं दुकान कुटं हाय, तेवढं दाखव."