पदराआडचं हसू

नागपूर, मार्च १९७४

प्रेमिलाताईस,

मंदाला दत्तक घेतली तेव्हा तू म्हणाली होतीस, "रक्त परकं ते परकंच राहीन गा, रुपराव!" आणि तरी दर उन्हाळ्यात तिला उमरेडला नेऊन आंबे तूच खाऊ घातलेस.

काल तिला पाहायला पाहुणे आले. ती दत्तक आहे हे मी आधीच कळवलं होतं. मुलाची आई म्हणजे तुझी शाळेतली मैत्रीण गोपिका. ती तोंड पाडूनच बसली होती. तेवढ्यात मी मुलाच्या कोवळ्या मिशीवर काहीतरी बोललो आणि मंदा हसली. पदर तोंडावर, डोळे मिटलेले, खांदे गदागदा!

गोपिका ओरडली, "अवं, हे तं प्रेमिलाचंच हसणं! पोरगी आत्यावरच गेली वं!" लग्न तिथंच ठरलं.

ताई, तू पदर घेतेस तो पुढचा दात तुटलाय म्हणून. मंदाचे सगळे दात शाबूत आहेत!

हे ऐकून तू कशी हसतेस ते मला बघायचंय. म्हणून पत्र पेटीत न टाकता पहिल्या एसटीनं मीच येतो. पदर तयार ठेव.

तुझा तिखट जिभेचा भाऊ,
रुपराव